वहीबाहेरचं देणं

कापसाच्या रानात दुपारची सुट्टी झाली की बाया लिंबाच्या सावलीला यायच्या. कमरेच्या झोळ्या सोडायच्या, हात झटकायच्या आणि गोल करून बसायच्या. फडकी उघडली की कुणाच्या घरी काय आहे ते कळायचं. कुणाची अंबाडीची भाजी, कुणाचा नुसता ठेचा, कुणाकडे शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. त्या गोलात माझी माय पदर पुढे ओढून, भाकरीवर हात ठेवून, डोळे मिटून बसायची. ओठ हलायचे, आवाज नसायचा. शाळेला सुट्टी असली की मी तिच्यामागे रानात जायचो. पुढ्यात भाकर असताना तिचे डोळे उघडेपर्यंत हात आवरून बसणं मला फार जड जायचं.

सुरुवातीला बाकीच्या बाया आपापलं खाऊ लागायच्या. पुढे कधीतरी, कुणी न ठरवताच, त्याही थांबू लागल्या. एखादी विचारायची, "झालं का वं तुझं? आमच्या बी वाटचं सांग देवाला." मग मायची प्रार्थना लांबत गेली. कुणाच्या लेकीचं पहिलं बाळंतपण, कुणाची आटलेली म्हैस, कुणाचा पिऊन पडलेला नवरा, सगळे तिच्या मिटल्या डोळ्यांआड जमू लागले. त्यातली कुणी ख्रिस्ती झाली नाही आणि व्हावी असं मायच्या बोलण्यातही कधी आलं नाही. सोमवार-गुरुवार धरणाऱ्या त्या बाया, बाजारला निघालेल्या शेजारणीला आपलंही सामान सांगावं, तसं आपलं मागणं मायच्या हाती येशूकडे पाठवायच्या.

आमचं लोहा नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. जवळच कंधारचा किल्ला, मन्याडवरचं लिंबोटीचं धरण आणि चहूकडे काळी रानं. तेव्हा कापूस आणि ज्वारी जास्त, आता सोयाबीन. ख्रिस्ती घरं इथे मोजकी. रविवारची उपासना बहुधा कुणाच्या तरी घरातच व्हायची. जमिनीवर जाजम, भिंतीला टेकलेली म्हातारी माणसं, मधोमध ढोलकी आणि खंजिरी, आणि हातोहात फिरणारं, पानं सुटलेलं 'उपासना संगीत'. पाळक अधूनमधून नांदेडहून यायचे. एरवी वाचन आणि प्रार्थना अण्णा चालवायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. ते शिवणकाम करायचे. मशीन घराच्या दारातच असायचं, आणि उपासनेच्या दिवशी त्यावर चादर टाकून वर बायबल ठेवलेलं असायचं.

कृपेविषयी त्या बैठकीत पुष्कळ बोललं जायचं. साक्ष द्यायला उभं राहिलेलं माणूस पहिलं वाक्य कृपेचंच बोले. लहानपणी ते माझ्या कानांवरून जायचं. माझ्या मनात ती गोष्ट पहिल्यांदा शिरली ती एका म्हातारीमुळे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या मजुरांच्या दाखल्यामुळे.

दाखला पुष्कळांना माहीत असेल. द्राक्षमळ्याचा धनी पहाटेच मजूर आणायला चौकात जातो आणि दिवसाचा रोज ठरवून त्यांना कामाला लावतो. पुन्हा सकाळी जातो, दुपारी जातो, दुपार कलल्यावर जातो. दिवस मावळायला घटकाभर उरलेला असताना परत जातो, आणि तेव्हाही तिथे उभ्या असलेल्यांना मळ्यात पाठवतो. संध्याकाळी पैसे वाटताना सुरुवात शेवटच्यांपासून करतो आणि त्यांना पुऱ्या दिवसाचा रोज देतो. पहाटेपासून ऊन सोसलेल्यांनाही तेवढाच. ते कुरकुरतात. धनी म्हणतो की ठरल्याप्रमाणे तुमचं तुम्हाला दिलं आहे, माझ्या उदारपणाचं तुम्हाला वाईट का वाटावं?

अण्णांनी हे वाचलं आणि जाजमावर खरोखरच कुरकुर झाली. बसलेल्या बहुतेक बाया रोजंदारीवर जाणाऱ्या. त्यांची सारी हयात मोजमापाखाली गेलेली. कापूस वेचायचा तो किलोवर, संध्याकाळी तराजू लागणार, झोळीतला पालापाचोळा धनी वजा करणार. काढणी घ्यायची ती गुत्त्यानं. एक बाई स्पष्टच म्हणाली, हा न्याय झाला नाही. अण्णा पुस्तकातलं उत्तर देऊ लागले, तेव्हा कोपऱ्यात बसलेली ती म्हातारी बोलली. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "दिवसभर कामाची वाट बघत उभं राहणं सोपं असतंय का? काम करणाराला सांजच्या पैशाची खात्री तरी असती. उभं राहणाऱ्याचं काळीज दिवसभर जळत असतंय. अन् त्याच्या घरची लेकरं काय कमी जेवतेत?"

कुणी काही बोललं नाही. अण्णांनीही पुस्तक मिटलं आणि गाणं धरलं.

त्या दाखल्यावरची पुष्कळ प्रवचनं मी पुढे ऐकली. काही विद्वानांची होती, मन लावून तयार केलेली. त्या म्हातारीइतकं त्या गोष्टीच्या आत गेलेलं कुणी मला भेटलं नाही. आजही सकाळी बसस्टँडकडे गेलो की फावडं आणि डबा घेऊन थांबलेली माणसं दिसतात. आठपर्यंत त्यांच्यात थट्टामस्करी चालू असते. नऊला आवाज उतरतात. दहा-साडेदहाला उरलेले खाली बसतात आणि अकरा वाजता त्यांच्याकडे बघवत नाही, कारण डबा तसाच घेऊन घरी कसं जायचं हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. मला तो धनी तेव्हा आठवतो. तासाभराच्या कामासाठी मजूर आणण्यात कोणत्या शेतकऱ्याचा फायदा आहे? संध्याकाळी पाचला तो मळ्यासाठी गेलाच नसावा. चौकात अजून कुणी उरलं आहे का, एवढंच बघायला गेला असावा. मी देवावर विश्वास ठेवतो तो अशा, संध्याकाळी पुन्हा एकदा चौकात येणाऱ्या देवावर.

आमच्या भागात बाकी सगळं लिहिलेलं असतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कंधार-लोह्याकडची माणसं ऊस तोडायला निघतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याच्या नावावर ती रक्कम. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही की बाकी पुढच्या वर्षावर. लग्नात आहेराची वही असते. मांडवाच्या दाराशी अक्षर चांगलं असलेला एक पोरगा बसवतात आणि तो कोण किती देतो ते लिहून घेतो. पुढे त्या घरी कार्य निघालं की आधी वही उघडतात. या वहीला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. गरिबाघरची लग्नं तिच्यामुळेच उभी राहतात, आणि दिलेलं लक्षात ठेवणं हीही एक माया आहे. नाताळात आमच्याकडून शेजारी करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट जायचं ते कधी रिकामं परत आलं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून यायचं. ती साखर मला आजही गोड वाटते.

पण काही माणसांची ताटं परत येतच नाहीत. त्यांच्याकडे साखरही नसते, किंवा परत करायला ती माणसंच उरलेली नसतात. वही तिथे थांबते.

अण्णांचीही वही होती, उधारीची. मशीनच्या वर खिळ्याला सुतळीनं टांगलेली. उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना अण्णा त्या वहीच्या बरोबर खाली उभे असायचे. त्या प्रार्थनेत आपण देवाला आपली ऋणं सोडायला सांगतो, आणि लगेच, आम्हीही आमच्या ऋणकऱ्यांना सोडलं आहे असं त्याच्याच तोंडावर सांगतो. अण्णांचा आवाज त्या जागी दर वेळी थोडा अडायचा. मला वाटायचं त्यांना ठसका लागतो. नाताळच्या आधी नवे कपडे शिवायची गर्दी उरकली की ते एका रात्री वही खाली काढायचे, कंदिलापाशी बसायचे आणि काही नावांवर आडवी रेघ मारायचे. कोणत्या नावांवर, ते आम्हाला सांगत नसत. ज्यांच्यावर रेघ मारली त्यांनाही नाही.

अशातच एकदा एक शेतकरी जुनी बाकी द्यायला आला. अण्णांनी वही बघितली आणि म्हणाले, "तुमचं फिटलंय." त्यानं विचारलं, कुणी फेडलं? अण्णा म्हणाले, "ज्याला फेडायचं होतं त्यानं." तो गृहस्थ चक्रावून गेला. भावानं फेडलं असेल म्हणून भावाला विचारलं, मेहुण्याला विचारलं. कुणीच कबूल होईना. काही दिवसांनी तो हरभऱ्याच्या टहाळाचा मोठा भारा घेऊन दारात आला आणि म्हणाला, "ज्यानं फेडलं त्याला द्या." आता हा भारा कुणाला द्यायचा? अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग त्यांनी गल्लीतली सगळी पोरं बोलावली. संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर टरफलांचा ढीग पडला होता, आणि टहाळ कशाचं हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

हे सांगताना अण्णांचंच कौतुक करून थांबलो तर ते अर्धं होईल. ज्या रात्री रेघा ओढल्या जायच्या, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पिठाच्या डब्यात हात खोल घालावा लागायचा तो मायला. आमच्या घरी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' होतं. अण्णा त्यातलं रेव्हरंड टिळकांविषयीचं वाचून दाखवायचे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकोबाचा हात कधी सोडत नाही, अभंगांतून ख्रिस्ताला आळवतो, मराठी ख्रिस्ती माणसाच्या हाती भजन देतो, आणि 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून देऊन भगव्या कपड्यांत 'देवाचा दरबार' मांडायला निघतो. अण्णांना हे सारं फार आवडायचं. माय ऐकायची आणि विचारायची, "अन् लक्ष्मीबाई काय करत होती तवा?" ते पुस्तक लक्ष्मीबाईंनी लिहिलं म्हणून बरं झालं. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, दारात आलेल्याला नाही म्हणणं त्यांना जमत नसे, आणि त्या उदारपणाचा रोजचा खर्च चुलीपाशी कसा भागवला जाई ते तिच्याचमुळे आपल्याला कळतं. देणाऱ्याच्या मागे आणखी एक देणारं असतं आणि त्याचं नाव साक्षीत येत नाही. मला वाटतं, ज्या घरात ती बाई मनापासून सामील आहे त्याच घरातून कृपा बाहेर वाहते. माय सामील होती. तिचा प्रश्न खरा होता, तरी तिनं खिळ्यावरून वही कधी लपवली नाही.

आजोबांच्या काळी गावातले लोक आम्हाला म्हणायचे, गव्हासाठी बाटले. हे मी लहानपणी शाळेतही ऐकलं आहे. अण्णांना त्याचा राग यायचा आणि ते घराण्याच्या श्रद्धेचा इतिहास सांगू लागायचे. मला आता तो राग येत नाही. उपाशी माणसानं ज्याच्या हातून भाकर मिळाली त्याला देव कोण असं विचारलं, तर यात लाज कसली? पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेले. संस्कृत मुखोद्गत असलेल्या त्या कुटुंबाला विद्येनं भाकर मिळाली नाही. पुढे 1896-97 च्या दुष्काळात याच रमाबाई मध्य प्रांतातल्या रस्त्यांवरून हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा करून आणत होत्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहत होतं. त्यांना भूक आतून माहीत होती. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी अख्ख्या बायबलाचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, थोडंफार वाचता येणाऱ्या बाईलाही कळावं म्हणून. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 मध्ये ते पुस्तक केडगावच्याच छापखान्यातून बाहेर आलं. टाइप जुळवणारे हात त्या वाचलेल्या मुलींचे होते. भाकर आणि पुस्तक अशी विभागणी त्यांनी केली नाही. आपणही करू नये.

आमच्याकडे 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. खडी फोडायचं काम, हातावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो. माय तेव्हा नवी नवरी होती. मिलोची भाकर थापता थापता फुटायची, घशाखाली उतरायची नाही. ती म्हणते, त्या वर्षी प्रार्थना फार लहान असायची, कारण पुढ्यातली भाकरही लहान होती. पण तिनं ती सोडली नाही.

मी स्वतः पाहिलेलं सांगायचं तर 1993 सांगावं लागेल. अनंत चतुर्दशीची रात्र उलटली होती. 30 सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, फळीवरचे डबे वाजू लागले. सगळी गल्ली बाहेर आली. दिवस उजाडला तशी किल्लारीची बातमी आली, मग सास्तूरची, मग एकेका गावाची. हजारो माणसं आपल्याच घरांच्या दगडमातीखाली झोपेत गेली होती. त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी कुणाला बोलावलं नाही, पण दारोदार ज्वारीचं पीठ बाहेर आलं. माय थापत होती, शेजारच्या मावशी भाजत होत्या, पलीकडच्या मुसलमानाच्या घरातल्या आपा भाकरी मोजून चळती लावत होत्या. वर मिरच्यांचा ठेचा कागदात बांधून ठेवलेला. फडक्याची गाठ मारण्याआधी मायनं त्या चळतीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मावशींनी हात जोडले. आपांनी ओंजळ पसरली. मग गठुडी टेम्पोत गेली.

त्या भाकरी कुणी खाल्ल्या ते आम्हाला कधीच कळलं नाही. खाणाऱ्यालाही कळलं नसेल की त्या लोह्याच्या. कुणाच्या वहीत ते लिहिलं गेलं नाही. मी देवळात, चर्चमध्ये, घरच्या बैठकीत कृपेची पुष्कळ वर्णनं ऐकली आहेत. त्या गठुड्यांवर कुणाचं नाव नव्हतं, एवढ्यानंच मला त्या सगळ्यांहून अधिक समजलं.

घेणं हे देण्याहून अवघड असतं, हे मात्र बऱ्याच पुढे उमगलं. अण्णा आजारी पडले तेव्हा नांदेडच्या दवाखान्यात फार दिवस राहावं लागलं. पैसे संपत आले होते. खाटेशेजारच्या एका बाईनं सांगितलं, गुरुद्वारात जाऊन जेवून या. माय संकोचली. आयुष्यभर दुसऱ्याला वाढलेली बाई, तिला पंगतीत बसायचं अवघड वाटत होतं. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला ते हे हजूर साहिब. तिथला लंगर कुणालाही तू कोण असं विचारत नाही. आम्ही डोकं झाकून रांगेत बसलो. ताटात डाळ, भाजी, पोळी आली. मायनं नेहमीप्रमाणे पदर ओढून डोळे मिटले. बादली घेऊन वाढत आलेला तरुण शीख सेवादार तिच्यापुढे आला आणि थांबला. मागे रांग होती, तरी तो तिचे डोळे उघडेपर्यंत पळी हातात धरून उभा राहिला. मग वाकून त्यानं अजून थोडी डाळ वाढली. बाहेर आल्यावर माय म्हणाली, "आज मला कुणीतरी वाढलं." तिच्या बोलण्यात ओशाळलेपण उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून तिथल्या भांडी घासणाऱ्या बायांत जाऊन बसली. फेड म्हणून नाही, असं ती आवर्जून सांगायची. हात रिकामे होते म्हणून.

अण्णा त्या आजारातून उठले नाहीत. त्यांची वही घरात आहे. मी ती चाळली तेव्हा जितक्या नावांवर पैसे मिळाल्याची खूण होती त्याहून जास्त नावांवर आडव्या रेघा होत्या. त्या नावांची काही माणसं आजही रस्त्यात भेटतात आणि मी त्यांना ते सांगत नाही.

आता माय रानात जात नाही, गुडघे चालत नाहीत. मार्गशीर्ष सरता सरता आमच्या तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट येतात, तमाशाचे फड लागतात, आणि नांदेडकडून येणारी गर्दी आमच्या रस्त्यानं पुढे जाते. पुष्कळ वर्षी यात्रा आणि नाताळ अगदी लागून येतात. कुणी पायी, कुणी टेम्पोत उभं राहून, कपाळाला भंडारा लावलेली माणसं येळकोट करत जातात. मायनं दाराशी रांजण मांडला आहे आणि करंज्यांचा डबा शेजारी ठेवलेला असतो. काही लोक दारावरचा कागदी तारा बघून विचारतात, हे कशाचं? ती सांगते, "लेकरू जन्मलंय आमच्या घरी, घ्या." लोक हसतात, करंजी घेतात, तिच्या पाया पडतात आणि पुढे खंडोबाला जातात.

यंदा तुम्ही या रस्त्यानं यात्रेला निघालात तर लोह्यात थांबा. पाणी प्या, सावलीला बसा, करंजी खाऊन जा, आणि परत काही पाठवायची काळजी करू नका.